पुसलेली पाटी

प्रिय पिटुकले,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. आपल्या घरात पत्र लिहायची पद्धत कधीच नव्हती. रविवारी फोन, तू बरी, मी बरी, बाबा बरे, हवा कशी आहे, चल ठेवते. एवढ्यात आपलं भागायचं. बाबा तसेच आहेत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. डोळे मिटलेले, तोंडात नळी, छाती यंत्राच्या तालावर वरखाली. डावा हात गार असतो आणि उजवा कोमट, म्हणून मी उजव्या बाजूला बसते. तू येऊन गेलीस त्यापेक्षा आता बारीक दिसतात. नर्स मुलगी दाढी करून देते, पण हनुवटीखाली खुंट राहतातच. यंत्राचं पुढे काय करायचं ते या आठवड्याच्या आत डॉक्टरांना सांगायचंय. त्याबद्दलच लिहायला बसलेय, पण मी सरळ मुद्द्यावर येणारी बाई नाही हे तुला माहीत आहे, आणि या वेळी तर मला वळसा घालूनच यावं लागणार आहे. मला फोन मात्र लावू नकोस. पत्र संपेपर्यंत तरी नाही.

इथे नातेवाइकांसाठी एक खोली आहे. भिंतीला चिकटलेल्या खुर्च्या, पाण्याचं यंत्र, आणि वर कोपऱ्यात एक टीव्ही. त्याचा रिमोट कुणीतरी पळवलाय, त्यामुळे तो एकाच वाहिनीवर अडकून बसलाय. जुने कार्यक्रम दाखवणारी वाहिनी आहे. माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर बसतात, त्यांची बायको आत आहे. त्यांनीच मला परवा कोपराने ढोसलं आणि म्हणाले, बघा, काय दिवस होते! वर बघते तर बदामाच्या आकारात लावलेले दिवे लुकलुकतायत, तीच ती ढँटॅढँ धून, आणि आमचा बत्तिशी, तो सदा दात दाखवणारा सूत्रसंचालक, दोन्ही हात पसरून ओरडतोय, ‘पाटी फिरवा!’

तुझ्या पिढीला ते सांगून कळायचं नाही. आता काय, नटनट्या दात घासतानासुद्धा जगाला दाखवतात. तेव्हा त्या पडद्यावरून उतरून कधी दिसायच्याच नाहीत. आणि आठवड्यातून एकदा, अर्ध्या तासासाठी, एखादा नायक त्याच्या खऱ्याखुऱ्या बायकोबरोबर त्या गुलाबी सोफ्यावर येऊन बसायचा. (टीव्हीवर गुलाबी. प्रत्यक्षात तो विटकरी होता आणि त्याचा एक पाय लुळा होता.) मग नवऱ्याला काचेच्या पेटीत नेऊन बसवायचे, कानांवर हेडफोन चढवायचे, त्यात मोठ्याने गाणी लावायचे. बत्तिशी बायकोला प्रश्न विचारायचा, तुमच्या ह्यांना राग कशाचा येतो, ह्यांची लाडकी वस्तू कोणती. तोच प्रश्न पुठ्ठ्यावर लिहून पेटीसमोर धरायचे. ती मोठ्याने उत्तर द्यायची, तो आत पाटीवर खडूने लिहायचा, आणि मग ‘पाटी फिरवा!’ जुळलं की घंटा आणि दिव्यांचा बदाम उजळायचा. नाही जुळलं की भोंगा. एवढंच. पण त्या अर्ध्या तासात दूधवाला दूध घालायला यायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी लोक आपापल्या बायकांकडे जरा संशयानेच बघायचे.

मी तिथे इस्त्रीवाली होते. मोठमोठ्या बायकांचे झगे माझ्या हाताखालून गेलेत. कोण कुठून उसवतं आणि कोण कुठे पिना टोचून घेतं, सगळं मला ठाऊक. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसल्या कितीतरी मुठी मी उघड्या पाहिल्या. एक सुप्रसिद्ध जोडी सगळी उत्तरं जुळवून, बदाम उजळवून आत आली आणि मेकअपच्या आरशासमोर दोघं एकमेकांकडे पाठ करून बसली. निघताना दोघांसाठी दोन गाड्या. आणि एक म्हातारा खलनायक होता, पडद्यावर लोकांचे गळे दाबणारा. त्याचं आणि त्याच्या बायकोचं एकही उत्तर जुळलं नाही. भोंग्यावर भोंगा. बत्तिशीलाच घाम फुटला. तर ती बाई खोखो हसत म्हणाली, ‘बरं झालं हो, अजून बरंच शिल्लक आहे म्हणायचं!’ तेव्हा मला ती बाई फार बावळट वाटली होती. हल्ली ती सारखी आठवते.

बाबा ध्वनी विभागात होते. माइक लावायचा, वायरी गुंडाळायच्या, आणि तोंड बंद ठेवायचं, या तिन्ही गोष्टी त्यांना उत्तम जमायच्या. पाहुणे यायच्या आधी दिवे आणि कॅमेरे लावून बघायला कुणालातरी सोफ्यावर आणि पेटीत बसवावं लागायचं. त्याला आम्ही बदली जोडी म्हणायचो. नट्यांच्या उंचीची म्हणून मला धरून नेलं. बाबा काही नटाच्या उंचीचे नव्हते, त्यांना खुर्चीवर उशी घालून बसवायचे. पहिल्याच दिवशी बत्तिशीने थट्टेने विचारलं, बाई, तुमच्या ह्यांना भाजी कुठली आवडते? मी त्या माणसाशी तोवर एक शब्द बोलले नव्हते. काचेतून बघितलं, लाल भोपळा खाणाऱ्यातला चेहरा दिसला, म्हटलं लाल भोपळा. बत्तिशी म्हणाला, पाटी फिरवा. पाटीवर लाल भोपळा! घंटा वाजली. लाइटवाला शिडीवरून पडता पडता वाचला.

मग ते रोजचंच झालं. मी म्हणायचे, ह्यांना पाण्याची धास्ती आहे, पाटीवर पाणी. मी म्हणायचे, निळा रंग, पाटीवर निळा. सगळ्या स्टुडिओत माझं नाव मनकवडी पडलं. मला त्याचा काय तोरा होता म्हणून सांगू! मोठे मोठे नट आपल्या बायकांना ओळखत नव्हते, आणि मी, झग्यांना इस्त्री करणारी, एका परक्या माणसाच्या मनातलं नुसतं काचेतून वाचत होते. पुढे एकदा तालमीत बत्तिशीने विचारलं, ह्यांच्या मनात आत्ता काय चाललंय? कुठून धीर आला कोण जाणे, मी म्हटलं, ‘हिला लग्नाचं विचारायचंय पण तोंड उघडत नाहीये.’ पाटी फिरली. अक्षरन् अक्षर तेच. खडू मोडलेला, अक्षर वाकडं, पण तेच. घंटा वाजवणारा पोरगा ती इतका वेळ वाजवत राहिला की निर्माते धावत आले. ही गोष्ट मी तुला किती वेळा सांगितलीय, आणि बाबा प्रत्येक वेळी शेजारी बसून मान हलवायचे.

लग्नानंतर, तू पोटात असताना, आम्ही एकदा खरोखरचे पाहुणे झालो. त्या दिवशीच्या जोडीचं रंगपटातच कडाक्याचं वाजलं, बाई गाडीत बसून निघून गेली, आणि बाहेर प्रेक्षक येऊन बसलेले. निर्माते म्हणाले, बदली जोडीला बसवा, निदान हसतील तरी लोक. मी त्याच बाईचा झगा मागून पिना लावून घातला, पोटामुळे वीत वीत उघडा. सगळीच्या सगळी उत्तरं जुळली. असं त्या कार्यक्रमात क्वचितच व्हायचं. शेवटचा प्रश्न होता, तुमच्या ह्यांना सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, एकटं राहायची. पाटीवर तेच, ‘एकटं राहायची’. लोक उभे राहिले. मी रडले. तो भाग दाखवला तेव्हा मी तुझ्या बाळंतपणात होते, त्यामुळे मला बघायला मिळाला नाही. बाबांना विचारलं, कसा झाला? म्हणाले, चांगला झाला.

आणि त्या एका उत्तरावर मी संसार केला, पिटुकले. माझ्या नवऱ्याला एकटं राहायची भीती वाटते म्हणून मी त्यांना कधी एकटं सोडलंच नाही. माहेरी चार दिवस राहायला गेले नाही. ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले की मी मागोमाग खुर्ची घेऊन जायचे. परगावच्या मोठ्या स्टुडिओतून बोलावणं आलं तेव्हा मीच परस्पर सांगितलं, ह्यांना नवी जागा मानवत नाही. जेवणात दर चार दिवसांनी लाल भोपळा. कपाटात सगळे शर्ट निळे. लोकांना मी कौतुकाने सांगायचे, ह्यांना काही बोलावंच लागत नाही. खरंच लागत नव्हतं. मी होते ना बोलायला.

तुला आपला घरचा खेळ आठवतो? रविवारी दुपारी बाबा न्हाणीघरात, म्हणजे काचेच्या पेटीत. उलट्या बादलीवर बसलेले, मांडीवर तुझी शाळेची पाटी. ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडलेला, कारण खेळ म्हणजे खेळ. बाहेर मी एकटीच, मीच बत्तिशी आणि मीच बायको, हातात माइकऐवजी वरणाचा डाव. ताटावर चमचा म्हणजे घंटा. तू आधी घंटेवर होतीस, मग हट्ट धरलास की मी बाबांच्या पेटीत बसणार, आणि त्यांच्या गुडघ्याशी टेकून बसायला लागलीस. नुकतीच अक्षरं जोडून वाचायला शिकली होतीस. शेवटचा प्रश्न नेहमी तोच असायचा, भीती कशाची; तो आपला हुकमी एक्का होता. आणि एका रविवारी तू दार उघडून बाहेर आलीस आणि म्हणालीस, ‘आई, तू बोलायला लागलीस की बाबा नळ बारीक करतात. आणि लिहिलेलं पुसून दुसरंच लिहितात.’

मी तुला काय म्हटलं तेही आठवत असेल. म्हटलं, चोंबडेपणा करू नकोस, तुझं उत्तर कुणी विचारत नाही म्हणून रुसून काहीतरी लावालाव्या करतेयस. बाबा दारात उभे होते, पाय ओले. तू त्यांच्याकडे बघत राहिलीस, ते पाटी पुसत राहिले. त्यानंतर तू पेटीत बसली नाहीस आणि थोड्याच दिवसांत खेळही बंद पडला. कार्यक्रमही बंद पडला म्हणा, बत्तिशीच्याच घरी काडीमोड झाल्यावर कोण बघणार!

मग तू नोकरीला लागलीस आणि पहिल्या सुट्टीत बाबांसाठी डोंगरावरच्या कुठल्याशा विश्रामगृहाला जायचं तिकीट घेऊन आलीस. एकट्याचं. मला किती लागलं होतं ते. मी म्हटलं, अगं त्यांना डोंगर अजिबात आवडत नाहीत, चढताना दम लागतो, आणि एकटे? एकटे तर ते शेजारच्या खोलीत झोपायचे नाहीत. तू माझ्याकडे न बघता त्यांना विचारलंस, बाबा, तुम्ही सांगा. ते माझ्याकडे बघून म्हणाले, आई म्हणते ते बरोबर आहे. तू ते तिकीट फाडलं नाहीस, ओरडली नाहीस, टेबलावर ठेवून त्याच संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस. तेव्हापासून आपल्याकडे फक्त रविवारचा फोन. मला वाटायचं, पोरीला राग आलाय, निवळेल. कशाचा आलाय हे मला कधी कळलंच नाही. मनकवडी ना मी!

आता परवाचं. पोस्टमास्तरांनी ढोसलं तो भाग दुसऱ्याच कुणाचा होता. पण काल दुपारी मी आतून बाहेर आले तर टीव्हीवर मी. खरंच मी. तो पिना लावलेला झगा, ते पोट, केसांचा तो भलामोठा फुगा. पोस्टमास्तरांना म्हटलं, ही मी आहे. त्यांनी आधी माझ्याकडे, मग टीव्हीकडे, परत माझ्याकडे बघितलं आणि अगदी अदबीने उठून मला पुढची खुर्ची दिली. मला आधी इतका आनंद झाला म्हणून सांगू. बाबा दिसले! काळा शर्ट, कानांवर ते मोठे हेडफोन, उशीवर ताठ बसलेले. बोलते चालते, म्हणजे चालते तरी. मी चक्क टीव्हीखाली जाऊन उभी राहिले.

बत्तिशीने विचारलं, ह्यांची वाईट खोड? मी म्हटलं, घोरतात. दिवसभर बोलत नाहीत ते सगळं साठवून रात्री बाहेर काढतात. प्रेक्षक हसले. कॅमेरा पेटीकडे वळला, आणि बाबाही हसत होते. खांदे हलत होते त्यांचे. कानांत म्हणे मोठ्याने गाणी लावलेली, आणि माझ्या विनोदाला, जिथे हसायला हवं तिथेच, हसत होते.

मग पुढच्या प्रत्येक प्रश्नाला मी माझ्याकडे बघितलंच नाही, फक्त त्यांच्याकडे बघितलं. ते थांबायचे. खडू पाटीवर टेकवून थांबायचे, माझं बोलून होईपर्यंत, आणि मग लिहायचे. आणि तो शेवटचा प्रश्न. पुठ्ठा समोर धरला, भीती कशाची. या वेळी ते थांबले नाहीत, पिटुकले. लगेच लिहायला लागले. भराभरा, खाली मान घालून, पाटीभर काहीतरी. मग माझा आवाज आला, एकटं राहायची. त्यांचा हात थांबला. त्यांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, कारण मी तेव्हा प्रेक्षकांकडे तोंड करून बसले होते. मग त्यांनी बाहीने पाटी पुसली आणि नव्याने लिहिलं. पाटी फिरवा. घंटा. बदाम उजळला. मी रडतेय. लोक उभे राहिलेत.

त्या रात्री घरी आल्यावर त्या काळ्या बाहीवरची खडूची पूड मीच झटकली होती. पुटपुटलेही होते की एवढा मोठा माणूस, हात पुसायला रुमाल नाही का.

मी जुन्या लाइटवाल्याला फोन केला. तो आता मुलीकडे असतो, त्याला ऐकू कमी येतं, तीन तीनदा ओरडून विचारावं लागलं. तो म्हणाला, ‘वहिनी, तुम्हाला माहीत नव्हतं? अहो गाणी फक्त पाहुण्यांना. तालमीला त्याच्या कानात तुमचाच माइक असायचा, आवाज नीट येतोय का बघायला. आणि घंटा नि दिवे तपासायचे म्हणजे उत्तर जुळायलाच हवं, म्हणून तुमचं ऐकून तेच लिहायचं, असं त्याला वरून सांगितलेलं. आणि तुमच्या त्या भागाला घाईघाईत कुणी वायर बदललीच नाही. आम्हाला वाटलं, घरी सांगितलं असेल त्याने. आम्ही सगळे तर किती हसायचो.’ मी म्हटलं, हो हो, गंमतच होती सगळी. आणि फोन ठेवला.

म्हणजे बघ. सगळ्यांना ठाऊक होतं. घंटा वाजवणाऱ्या पोरालासुद्धा. एकट्या मनकवडीला नव्हतं. मी काचेतून कुणाचं मन वाचलं नाही. मी बोलले आणि एका भिडस्त माणसाने ते लिहून घेतलं. आधी नोकरी म्हणून, मग मी इतकी खूश दिसले म्हणून, मग आता कसं सांगायचं म्हणून. आणि मग संसार म्हणून. लग्नाचं तेही माझंच उत्तर होतं. त्यांच्या मनात आलं होतं की नाही, मला आता कधीच कळणार नाही. मी त्यांच्याजवळ बसून विचारलं काल, खरंच विचारलं, तुम्हाला भोपळा आवडतो का हो? यंत्र आपलं वरखाली. मला त्यांचा राग यायला हवा होता, आलाही थोडा वेळ. असा कसा माणूस, एकदा म्हणायला काय झालं होतं की बाई, नको भोपळा. पण राग टिकला नाही. त्या पलंगावर जो माणूस पडलाय त्याला मी ओळखत नाही, आणि तो मला पुरता ओळखतो. इतक्या वर्षांनंतर मी एका परक्याच्या उशाशी बसलेय, आणि त्याला विचारायची वेळ निघून गेलीय. याहून वाईट बाईच्या वाट्याला काय येत असेल ते मला सुचत नाही. त्या खलनायकाची बायको हसत होती कारण तिच्यापुढे भोंगे वाजत होते. माझ्यापुढे आयुष्यभर एकसुद्धा भोंगा वाजला नाही.

आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. तरुण आहे, शांत बोलते, समोरची खुर्ची स्वतः सरकवून देते. म्हणाली, तोंडातली नळी आता फार दिवस ठेवता येणार नाही. एक तर गळ्याला छिद्र पाडून कायमची नळी बसवायची आणि यंत्र चालू ठेवायचं; मग ते असेच राहतील, वर्ष, कदाचित जास्तही, पण उठतील, ओळखतील अशी आशा धरू नका. नाही तर नळी काढायची, त्यांना त्रास होऊ द्यायचा नाही, आपण जवळ बसायचं, आणि जे होईल ते होऊ द्यायचं. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? तर ती म्हणाली, आम्हाला काय वाटतं ते महत्त्वाचं नाही, तुम्हाला काय वाटतं तेही नाही. त्यांना बोलता आलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं? तुम्ही त्यांच्या बायको आहात, त्यांच्या मनातलं तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार!

अगदी बत्तिशीसारखंच विचारलं बिचारीने. आणि सवयीने माझ्या जिभेच्या टोकावर उत्तर आलंही होतं. एका क्षणात. मी ते गिळलं. म्हटलं, मुलीला विचारून सांगते. तिला वाटलं, मी धीर गोळा करायला वेळ मागतेय.

आता का लिहिलं ते सांगते. त्या न्हाणीघरात, त्या बादलीशेजारी, दर रविवारी त्या शेवटच्या प्रश्नाला बाबा पाटीवर आधी काहीतरी लिहायचे आणि मग पुसायचे. ते पुसायच्या आधी वाचलेली या जगात तू एकटी आहेस. म्हणूनच तू ते डोंगराचं तिकीट आणलं होतंस, हे मला काल टीव्हीखाली उभं राहून कळलं. त्यांना खरी भीती कशाची होती, ते तुला ठाऊक आहे, आणि ते कळल्याशिवाय मी डॉक्टरीणबाईंना तोंड दाखवणार नाही. ते एका कागदावर लिही आणि घेऊन ये. माझ्या जिभेवर काय आलं होतं ते मी या पत्रात मुद्दाम कुठे लिहिलेलं नाही, शोधू नकोस. आणि म्हणूनच फोन करू नकोस, बाळा. फोनवर माझा आवाज ऐकशील, मी काय म्हणतेय याचा अंदाज घेशील, आणि आई आधीच खचलीय म्हणून लिहिलेलं पुसून टाकशील. बापाची लेक आहेस. आठवत नसेल तर कोरा कागद आण, मी काही म्हणणार नाही, पण मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. सरळ इथे ये, त्यांच्या उजव्या बाजूला माझ्या शेजारी बस, आणि मी तोंड उघडायच्या आधी कागद माझ्यासमोर धर. या वेळी भोंगा वाजला तरी चालेल. मला तो एकदा तरी ऐकायचाय.

तुझीच,
आई